वाचणारी थांबली

दर डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी मी आमच्या वाचनालयातल्या फळ्यावर खडूने एक यादी लिहीत असे. मथळा ठरलेला: ‘ग्रंथपालांनी या वर्षी वाचलेलं’. ही पद्धत मीच पाडली होती. आमचं वाचनालय हैदराबादच्या सुलतान बाजारात, साड्यांच्या दुकानांवरच्या दुसऱ्या मजल्यावर. जिना उभा. वर आलेला वाचक धापा टाकत आधी फळ्यासमोर थांबायचा आणि दम परत येईपर्यंत यादी वाचायचा. माझी यादी लोक आवडीने वाचतात, असा माझा समज होता. खरं कारण जिना असावा.

गेल्या डिसेंबरात फळा कोरा राहिला. लोकांनी विचारलं, तेव्हा ‘वडील वारले’ एवढं सांगितलं. ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. यंदा मार्चमध्ये मी निवृत्त झाले. वाचनालयाच्या कमिटीने नोकरीच्या आठवणी लिहून द्या म्हटल्यावर लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण हात फिरून फिरून त्या एकाच वर्षावर येतो. म्हणून तेच लिहिते.

आधी कामाविषयी थोडं. ग्रंथपाल म्हणजे पंख्याखाली बसून कादंबऱ्या वाचणारी बाई, अशी बाहेरच्यांची समजूत असते. आमच्या यजमानांचीही होती. प्रत्यक्षात दिवस जातो तो झटकण्यात, चिकटवण्यात आणि शोधण्यात. खालच्या फळीला वाळवी, वरच्या फळीला गळती, आणि मधल्या फळीवर लोकांना हवी असलेली पुस्तकं, म्हणजे जी कधीच जागेवर नसतात. वाचकाला पुस्तकाचं नाव क्वचित ठाऊक असतं. ‘ते निळ्या कव्हरचं, ज्यात ती शेवटी नवऱ्याला सोडत नाही,’ असं सांगून तो आपल्याकडे विश्वासाने बघतो. मी बहुतेक वेळा ते काढून देत असे. याचा मला गर्व होता, आणि अजून आहे.

वाचकांच्या खुणा हे एक वेगळंच शास्त्र. आमच्याकडच्या बायका वर्षानुवर्षं वाचत आलेल्या. कुठलं पुस्तक वाचून झालं, हे लक्षात राहायचं नाही. मग त्या ठरावीक पानावर पेन्सिलीने गुपचूप खूण करायच्या. एकीची एकविसाव्या पानावर बारीक टिंब, दुसरीची पन्नासाव्या पानावर स्वस्तिक. नियमाने हा गुन्हा. मी एकीलाही कधी बोलले नाही. कारण त्या खुणांवरून मला कळायचं, कोण काय वाचतंय, कोणाचं मन कुठे लागलंय.

काचीगुड्याहून एक आजोबा यायचे. पत्नीच्या कार्डावर पुस्तकं न्यायचे, कारण वाचायच्या त्या. त्यांची खूण एकविसाव्या पानावरचं टिंब. एकदा मधे दोन महिने आजोबा आले नाहीत. मग पुन्हा येऊ लागले, पूर्वीसारखेच दर बुधवारी, त्याच कार्डावर. पण परत आलेल्या पुस्तकांत टिंब नसे. मी चार-पाच पुस्तकं तपासली आणि समजले. आजोबांना मी काही विचारलं नाही. त्यांनाही काही सांगायचं नव्हतं. बाईंच्या नावाचं कार्ड मी आणखी सहा वर्षं चालू ठेवलं. पुस्तकं ठरल्या दिवशी जात, न उघडता ठरल्या दिवशी येत. माणसाला न बोलता समजून घ्यायची ही कला मला येते, असं मी तेव्हा खुशाल धरून चालले होते.

ती कला मी वाचनालयाच्या जिन्यावरच ठेवून घरी जात होते, हे नंतर कळलं.

माझे वडील, अण्णा, मूळचे नांदेडकडचे. तरुणपणी हैदराबादला आले, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार, म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. लग्नाआधी त्यांना अक्षरओळख नव्हती. पुढे रात्रशाळेत जाऊन शिकले. आम्ही बौद्ध. आमच्या घरात भिंतीवर फोटो दोन आणि कपाटात ग्रंथ एक, तो धम्मग्रंथ. अण्णा अक्षरं शिकले ते त्या ग्रंथासाठी, असं आई सांगायची.

मी ग्रंथपाल झाले तेव्हा अण्णांनी वर्कशॉपभर पेढे वाटले. पण नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एक गोष्ट घडली. कोणीतरी पुस्तक भिजवून आणलं होतं आणि मी म्हणाले, “याच्यावर पानी पडलंय.” टेबलाशी वर्तमानपत्र वाचत बसलेले एक गृहस्थ मान वर न करता म्हणाले, “बाई, निदान ग्रंथालयात तरी पाणी म्हणा.” सगळे हसले. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. मीही हसले. घरी येऊन मात्र जेवले नाही.

अण्णांनी कारण काढून घेतलं. मग म्हणाले, “रोज पेपर मोठ्यानं वाच. मी ऐकतो.”

“तुम्हाला काय कळणार अण्णा, चुकलं का बरोबर?”

“मला फरक कळत न्हाई. तुला कळतो नं? मग वाच. ऐकायला कुणी तर पायजे.”

वर्षभर मी रोज संध्याकाळी अण्णांपुढे बसून पेपरचा अग्रलेख वाचला. न आणि ण, ल आणि ळ, श आणि ष. वर्कशॉपमधून दमून आलेला तो माणूस भिंतीला टेकून सगळं ऐकायचा. वर्षाच्या शेवटी माझी जीभ अशी झाली, की वाघमारे बाई पुण्याच्या का, असं लोक विचारू लागले. मी ‘नाही’ म्हणायचे, पण जरा उशिराने.

आता त्या वर्षाकडे येते. घरात आम्ही तिघं होतो. तारनाक्याला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट. माझे यजमान मुलगी कॉलेजात असतानाच गेले. मुलगी प्रज्ञा तेव्हा चोवीस वर्षांची, सॉफ्टवेअर कंपनीत, आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करणारी. आणि अण्णा, ब्याऐंशी वर्षांचे.

उन्हाळ्यात अण्णांचे डोळे गेले. एकदम नाही, पण पेपर दुसरा कोणीतरी धरतोय असं वाटावं तसा लांब जाऊ लागला आणि एक दिवस त्यांनी तो खाली ठेवला. डॉक्टर म्हणाले, पडदा खराब झालाय, मधलं दिसणार नाही, कडेचं दिसेल. म्हणजे घरात फिरता येईल, समोर माणूस आहे हे कळेल, पण अक्षर नाही. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकलं. बाहेर आल्यावर ऑटोत बसताना म्हणाले, “अक्षरंच गेली म्हणायची. उशिरा आली ती, लौकर गेली.”

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्यात वर्षावास पाळतात. पूर्वी भिक्खू पावसाळ्यात एका जागी राहत, धम्म सांगत. त्याची आठवण म्हणून हे तीन महिने आमच्या वस्त्यांत धम्मग्रंथाचं वाचन होतं. तारनाक्याच्या मागच्या वस्तीत पत्र्याचा एक हॉल आहे. तिथे दर रविवारी संध्याकाळी वीस-पंचवीस माणसं जमत आणि वाचायचे अण्णा. किती वर्षं, ते मोजलेलं नाही. मी लहानपणी जायचे, मग कॉलेजात गेल्यावर बंद झाले. देवधर्मावर माझा विश्वास नाही, आणि आपला धम्म हा काही देवधर्म नाही हे अण्णांनी शंभरदा सांगूनही, मी दोन्ही एकाच टोपलीत टाकून मोकळी झाले होते. मी वाचणारी बाई, मला ऐकायला कशाला जायचं, असंही असेल.

पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात अण्णांनी मला विचारलं, “यंदा तू वाचतीस का गं हॉलमध्ये?”

मी भाजी चिरत होते. म्हणाले, “अण्णा, आठवडाभर पुस्तकंच असतात माझ्यामागे. रविवार तेवढा मिळतो.”

“हौ, ते बी खरंय,” ते म्हणाले आणि विषय संपला. पुढेही रविवारी ते हॉलवर जात राहिले; दुसरं कोणी वाचत असेल, असं मी धरून चालले.

मी अगदीच काही केलं नाही असं नाही. त्यांच्यासाठी मोठा टीव्ही आणला. मराठी मालिका लावून दिल्या. फोनवर ध्वनिमुद्रित पुस्तकं ऐकता येतात, ती कशी लावायची हे शिकवलं. अण्णा दिवसभर टीव्हीसमोर बसत. मालिकांतल्या सासवांची नावं त्यांना पाठ झाली. मी घरी आले की ते सांगत, आज अमकीने तमकीच्या दुधात काय घातलं. मला वाटलं, रमले. करमणूक झाली की माणूस रमतो, असं आपण म्हाताऱ्यांच्या बाबतीत फार पटकन ठरवतो.

आणि त्याच महिन्यांत मी दर शनिवारी दुपारी गौलीगुड्याला जात होते, देशपांडे काकूंना वाचून दाखवायला.

काकू आमच्या सगळ्यांत जुन्या वाचक. जिना चढवेना, डोळ्यांत मोतीबिंदू आणि ऑपरेशनची भीती. मी होऊन म्हणाले, मी येते. वाचनालय दुपारी दोन तास बंद असे. त्या वेळात मी चालत जायचे. बसस्टँडामागच्या गल्लीत त्यांचं घर. काकू खुर्चीत बसत, माझ्यासाठी पाटावर लिंबाचं सरबत ठेवत, आणि मी तासभर वाचत असे. तास संपला की काकू म्हणायच्या, “किती शुद्ध वाचता हो तुम्ही. कान धुऊन निघतात.”

हे वाक्य ऐकायला मी जात होते. आज लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं. ज्यांच्यासारखं बोलता यावं म्हणून मी एक वर्ष घशाला कोरड पाडली, त्यांच्यापैकी एक बाई मला दर आठवड्याला पास करत होती. कमिटीने माझ्या या सेवेचं कौतुक केलं, वार्षिक सभेत शाल दिली. शाल घेऊन मी घरी आले तेव्हा अण्णांनी ती हातात घेऊन चाचपली. “ऊबदार हाय,” म्हणाले. कशासाठी मिळाली, ते मी सांगितलं. ते म्हणाले, “चांगलं काम करतीस. आंधळ्याला वाचून दाखवणं लई पुण्याचं.” त्यात टोमणा नव्हता. अण्णांना टोमणा मारता येत नसे. टोमणा असता तर मी भांडले असते, आणि भांडणातून काही निघालं असतं.

श्रावण संपत आला होता. एका मंगळवारी वाचनालयातली वीज गेली, दुरुस्तीला वेळ लागणार म्हणून आम्ही दुपारीच दार लावलं. मी दीड वाजता घरी पोचले. माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं, तर अण्णांच्या खोलीतून प्रज्ञाचा आवाज येत होता. ती वाचत होती. मराठी.

माझी मुलगी बोलते मराठी, पण तिचं शिक्षण इंग्रजी शाळेत, मैत्रिणी तेलुगू, शेजार हिंदी. मराठी पाटी वाचायची तरी ती एकेक अक्षर जुळवून वाचायची. मी दारात उभी राहिले. ती पलंगावर मांडी घालून बसली होती, एका बाजूला जेवणाचं ताट, मांडीवर धम्मग्रंथ. अण्णा उशीला टेकलेले, डोळे मिटलेले.

“मग भग-वान... वेलू-वनात... राहत अस-ता-ना...”

“हं. पुढं.”

मी आनंदाने रडायला हवं होतं. मराठी वाचणारी नवी पिढी कुठे गेली, यावर मी किती सभांत बोलले होते. पण माझ्या कानांनी दुसरंच काही ऐकलं.

“वेळुवन,” मी दारातून म्हणाले. “ळ. वेलू नाही.”

प्रज्ञा दचकली. मग हसली. “ओके, वेळुवन.” आणि पुढे वाचू लागली. मी आत जाऊन खुर्चीवर बसले. ऐकायला नव्हे. पुढच्या दहा मिनिटांत मी तिला किती वेळा थांबवलं, ते आठवत नाही. दुक्क नाही, दुःख. शरन नाही, शरण. तिथे थांबू नकोस, वाक्य पुढे आहे. अण्णा एकदा म्हणाले, “वाचू दे की तिला.” मी म्हणाले, “चुकीचं वाचायची सवय लागली की सुटत नाही, अण्णा.”

प्रज्ञा म्हणाली, “आई, अण्णांना समजतंय ना?”

“समजण्याचा प्रश्न नाही. तुझी आई ग्रंथपाल आहे. कोणी ऐकलं तर काय म्हणेल? इतकं वाईट वाचण्यापेक्षा न वाचलेलं बरं.”

हे वाक्य मी म्हणाले. शब्द इकडचे तिकडे केलेले नाहीत.

प्रज्ञाने ग्रंथ मिटला. आदळला नाही, अण्णांनी शिकवलं होतं तसा कपाळाला लावून टेबलावर ठेवला. “यू रीड देन,” एवढं म्हणाली आणि ताट उचलून लॅपटॉपकडे गेली.

मग मी वाचलं. पाच-सहा पानं. एकही अक्षर चुकलं नाही. अण्णा म्हणाले, “बेस वाचतीस. आता ऱ्हाऊ दे, दमून आली असशील.” पुढे मी त्यांना पुन्हा वाचून दाखवलं नाही. आज उद्या करत राहिले. त्यांनीही म्हटलं नाही. प्रज्ञाही परत ग्रंथाला शिवली नाही, आणि माझ्या ते लक्षातसुद्धा आलं नाही. मला वाटलं होतं, ते एक दिवसाचं कौतुक होतं.

भाद्रपदातल्या एका रविवारी अण्णा हॉलवरून लवकर परत आले. मी विचारलं तर म्हणाले, “सभा लौकर उठली.” त्यानंतर ते हॉलवर जाईनात. गुडघे दुखतात म्हणाले. गुडघे दुखतच होते, त्यामुळे मी मलम आणून दिलं.

डिसेंबरच्या सुरुवातीला, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. टीव्ही चालू होता. प्रज्ञा घरात होती. तिनेच मला फोन केला. मी त्या वेळी काऊंटरवर एका बाईंना निळ्या कव्हरचं पुस्तक शोधून देत होते.

सातव्या दिवशी घरी पुण्यानुमोदन झालं. हॉलवरची सगळी माणसं आली. त्यांत शांताबाई होत्या. दवाखान्यातून आया म्हणून निवृत्त झालेल्या, अण्णांच्याच गावाकडच्या. वंदना झाली, जेवणं झाली, मग शांताबाई माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “तुझी लेक कुठंय? तिला बघायचंय. लई नाव काढायचे अण्णा तिचं.”

मी म्हणाले, “आत आहे. बोलावते. पण नाव कशाचं काढायचे?”

“आता बघ. ग्रंथ तीच वाचायची की. आठवडाभर ती अण्णांला वाचून दाखवायची, आन रविवारी अण्णा आम्हाला सांगायचे. समोर ग्रंथ उघडा ठेवायचे, बोट फिरवायचे, आन सगळं मुखानं.”

“तुम्हाला माहीत होतं? त्यांना दिसत नाही ते?”

“ठावं नसायला काय झालं? कधी कधी ग्रंथ उलटा असायचा. आम्ही कशाला बोलावं? सांगायचे बेस. आधीपेक्षा बेस.” शांताबाईंनी पदराने तोंड पुसलं. “मग भादव्यात एका रविवारी आले. ग्रंथ उघडला. पान उलटलं, आजून एक उलटलं. आन गप बसून ऱ्हायले. लई येळ. मग म्हणाले, आमची वाचणारी थांबली. आता माझ्याजवळ पुढचं काही न्हाई. मिटवला ग्रंथ. आम्ही म्हणलं, का हो थांबली? तर म्हणाले, कंपनीत काम वाढलंय पोरीचं.”

माणसं होती म्हणून मी उठून स्वयंपाकघरात गेले. तिथेही माणसं होती. मग बाथरूमचं दार लावून उभी राहिले.

प्रज्ञाला मी चार दिवसांनी विचारलं. तिला ते आठवड्यातले तीन दिवस, जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास, पौर्णिमेपासून चाललेलं, सगळं नीट आठवत होतं. अण्णांनीच विचारलं होतं तिला. ती म्हणाली होती, मला येत नाही अण्णा, फार स्लो आहे मी. ते म्हणाले, मी तर तुझ्याहून मोठा होतो शिकलो तेव्हा, मी काय पळत होतो का.

“मी चुकले की ते काय म्हणायचे माहितीये?” प्रज्ञा म्हणाली. “असं बी म्हणतेत. प्रत्येक वेळी. असं बी म्हणतेत, पुढं वाच. मला वाटायचं, खरंच तसंही म्हणत असतील.”

“मग मी त्या दिवशी बोलले, नंतर तू...”

“तू म्हणालीस ना, न वाचलेलं बरं.” तिच्या आवाजात राग नव्हता. “नंतर एकदा अण्णांनी विचारलं, वाचतीस का. मी सॉरी म्हटलं. मला तुझा आवाज ऐकू यायला लागला होता, आई. प्रत्येक शब्दाला. तू घरात नसलीस तरी.”

तिला मी पहिल्या महिन्यातली ती पाण्याची गोष्ट सांगितली. कधी सांगितली नव्हती. वर्षभर अण्णांपुढे बसून अग्रलेख वाचले, तेही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “तेव्हा अण्णांनी तुला थांबवलं होतं का कधी?”

“नाही.”

 

मी माफी मागितली. ती “इट्स ओके, आई” म्हणाली. इंग्रजीत माफ करणं सोपं असतं, असं मला उगाच वाटलं. एप्रिलमध्ये तिची पुण्याला बदली झाली. ऐन मराठी मुलखात गेली आणि आता माझ्याशी फोनवर पूर्वीपेक्षा कमी मराठी बोलते. मी तिला एकदा म्हणाले, रोज अर्धं पान मला फोनवर वाचून दाखवशील? मी एक शब्द बोलणार नाही. ती म्हणाली, “बघते.” मी पुन्हा विचारलेलं नाही.

देशपांडे काकूंकडे मी दोन महिने गेले नाही. गेले तेव्हा सगळं सांगितलं. काकूंनी सरबताचा पेला बाजूला सारला. मग म्हणाल्या, “घरी वडील असे बसले होते, हे मला कधी बोलला नाहीत. कळलं असतं तर मी तुम्हाला येऊ दिलं नसतं हो.” त्यांनी फेब्रुवारीत मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. आता स्वतः वाचतात. कान धुवायला त्यांना माझी गरज उरलेली नाही, हे बरंच झालं.

यंदा आषाढी पौर्णिमेला मी हॉलवर गेले. सांगितलं, मी वाचीन. सगळ्यांना आनंद झाला. ‘अण्णांची लेक’ म्हणून खुर्चीवर नवी चादर घातली. विश्वासाचं म्हणाल, तर माझा विश्वास बसला म्हणून मी गेले नव्हते. जायला हवं होतं तेव्हा गेले नाही म्हणून गेले होते. पण बुद्धवंदना म्हणताना शांताबाईंचा आवाज फाटतो आणि तरी त्या थांबत नाहीत, ते ऐकताना मला एवढं वाटलं, की अण्णा ज्याला धम्म म्हणायचे तो माझ्या टोपलीत मावणारा नव्हता.

सहा रविवार मी वाचलं. स्वच्छ, खणखणीत, एकही अक्षर न गाळता. माणसं हात जोडून बसत, संपल्यावर ‘जय भीम’ म्हणून उठत. सातव्या रविवारी सगळे गेल्यावर शांताबाई सतरंजी गुंडाळत होत्या. मी दुसरं टोक धरलं आणि विचारलं, “अण्णांसारखं जमत नाही ना?”

“तू तर लई चांगलं वाचतीस,” त्या म्हणाल्या. “फक्त अण्णा वाचायचे तेव्हा आम्ही मधी बोलायचो. ह्याचा अर्थ काय, हे असं कसं, माझ्या नातवाचं असं झालं. अण्णा बोट ठेवून थांबायचे. भांडणंबी व्हायची. तुझ्या वाचण्यात मधी शिरायला जागाच घावत न्हाई बघ. आम्हाला वाटतं, मधी बोललं तर तुझं चुकंल.”

त्यानंतरच्या रविवारी मी एक परिच्छेद वाचला आणि ओळीवर बोट ठेवून थांबले. कोणी काही बोललं नाही. बाहेर ऑटो गेली, एक म्हातारे खाकरले. पुढचा परिच्छेद वाचला, पुन्हा थांबले. सगळे माझ्याकडे आदराने बघत होते.

वर्षावासाचे अजून तीन रविवार आहेत. मी दर परिच्छेदाला थांबते.